शहरांची बिरुदे : डोंबिवली, ठाणे, कल्याण

शहराच्या अधिकृत नावाखेरीज त्याची ओळख सांगणारे, लोकांच्या तोंडी रुळलेले दुसरे नाव म्हणजे त्याचे बिरुद. अमेरिकेत राज्यांच्या बिरुदांना पुष्कळदा कायद्याचे पाठबळ मिळते. इलिनॉयने १९५५ साली ‘लँड ऑफ लिंकन’ हे, तर फ्लॉरिडाने १९७० साली ‘सनशाइन स्टेट’ हे बिरुद अधिकृत केले; गाड्यांच्या नंबरप्लेटवरही ती झळकतात. आपल्याकडची बिरुदे अशी ठरावाने आलेली नाहीत. वर्तमानपत्रांचे मथळे, व्यासपीठांवरची भाषणे आणि गावकऱ्यांचा अभिमान यांतून ती रुजली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, म्हणून सांगली नाट्यपंढरी. नागपूर संत्रानगरी झाले ते संत्र्यांच्या बाजारपेठेमुळे, आणि यंत्रमागांमुळे इचलकरंजी महाराष्ट्राचे मँचेस्टर.

डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी म्हणतात. या बिरुदामागे एखादी वास्तू किंवा पीक नाही, तिथे येऊन राहिलेली माणसे आहेत. मुंबईतली जागा परवडेनाशी झाली तशी गिरगाव-दादरच्या चाळींतली मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे लोकलच्या भरवशावर इथे घर करू लागली. कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी यांच्या या वस्तीने वाचनालये, व्याख्यानमाला आणि गाण्याच्या बैठकी आपल्या बळावर चालवल्या. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे लेखक इथलेच रहिवासी. २०१७च्या फेब्रुवारीत ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले, तेव्हा संमेलननगरीला भाव्यांचेच नाव दिले होते.

गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा ही या शहराची महाराष्ट्राला मिळालेली मोठी देणगी. श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने ती १९९९ साली सुरू झाली. पालखी, लेझीम, ढोल-ताशे, चित्ररथ, नऊवारीतल्या दुचाकीस्वार महिला हे तिचे रूप पुढे ठाणे, गिरगाव आणि इतर अनेक गावांनी उचलले. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून तरुण मंडळी याच मंदिरातल्या गणपतीच्या दर्शनाला येतात आणि फडके रोडवर मित्रमैत्रिणींना भेटतात. त्या दिवशी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. रोज लोकलच्या गर्दीत तासन्‌तास घालवणाऱ्या माणसांनी हे सारे उभे केले आहे, म्हणून हे बिरुद डोंबिवलीने कष्टाने कमावले आहे असेच म्हणावे लागेल.

शेजारचे कल्याण ऐतिहासिक नगरी म्हणवते. शिवाजी महाराजांनी १६५७ साली ते घेतले, खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभारला आणि मराठा आरमाराच्या उभारणीस इथून आरंभ झाला. इथले सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, हे पाहता सांस्कृतिक बिरुदावर कल्याणचाही हक्क पोहोचतो.

ठाणे हे तलावांचे शहर. कौपिनेश्वर मंदिरासमोरचा मासुंदा म्हणजे तलावपाळी हा त्यांतला सर्वांत परिचित. उपवन आणि कचराळी हेही गजबजलेले. वस्ती वाढली तसे बरेच तलाव बुजले आणि आज ३५च्या आसपास उरले आहेत. डोंबिवलीचे बिरुद माणसांच्या उत्साहावर टिकेल. ठाण्याचे मात्र पाण्यावर अवलंबून आहे. उरलेल्या तलावांत यापुढे एकही भराव पडता कामा नये.