नकटी

१९७१ च्या मे महिन्यात ती पहिल्यांदा आमच्या आळीत आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. जीप म्हणजे पुढे लांब बॉनेट आणि मागे माणसं, एवढंच तोवर म्हसळ्यात आम्ही पाहिलेलं. हिचं तोंड सपाट. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसलेला, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. आई दारातून बघत म्हणाली, “अगो बाई, नकटी!” आरसी बुकात एफसी-१५० असं लिहिलेलं असलं तरी गावात तिचं नाव नकटीच राहिलं.

गाडी सुपारीच्या व्यापारी शेठजींची, ड्रायव्हर माझे बाबा. शेठजींनी ती मुंबईत जुनीच घेतलेली, १९६८ ची. पुढे १९८४ साली त्यांच्याकडूनच बाबांनी ती विकत घेतली. मी तोवर एसटीत मेकॅनिक म्हणून लागलो होतो, २०१९ साली निवृत्त झालो. गेली काही वर्षं तिला घरच्या अंगणात उभी करण्याच्या खटपटीत आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, त्यातली बरीचशी पाहून झाली. पण विघ्नांच्या आधी ही गाडी इथवर आली कशी ते सांगायला हवं, कारण दुरुस्तीतला मोठा वाद त्यातूनच निघाला.

म्हसळा हे मूळचं खाडीचं गाव. राजपुरीच्या खाडीचा एक फाटा आत घुसत घुसत इथे येऊन संपतो. जंजिरा संस्थानातला हा महाल होता, आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत इथला कारभार मुरुडच्या तोंडाकडे बघून चाले. माल भरतीबरोबर मचव्यातून यायचा, ओहोटीबरोबर जायचा. मागे डोंगर. माणगावला जायचं तर घोणसे घाट चढून साई गाठायचं आणि तिथून पुढे. आज त्याच वाटेने दिघी बंदराकडे चाललेले जड ट्रक जातात. बाबांच्या सांगण्यात मात्र घाट म्हणजे जांभ्याची माती, पावसाळ्यात लाल लोणी. त्या लोण्यावर मागची दोनच चाकं फिरणारा ट्रक जागच्या जागी खड्डा खणत बसे. पुढची चाकंही ओढणारी गाडी लागायची ती यासाठी. आता शहरातली मुलं हौसेने फोर-बाय-फोर घेतात, त्यांच्या हौसेचं मला कौतुक आहे. आमच्याकडे पुढची चाकं जोडणाऱ्या त्या दांड्यावर सुपारीची पोती, आंब्याच्या पेट्या, खरसईच्या मासळीच्या पाट्या आणि कधी कधी अडलेली बाळंतीण अवलंबून असे.

जीप या देशात आली युद्धाच्या मागोमाग. विलीज आणि फोर्डने मिळून दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांवर जीप बनवल्या, आणि युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या लोकांच्या हाती आल्या. २ ऑक्टोबर १९४५ ला जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे भाऊ आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीच्या नावात दोनदा महिंद्र आलं. विलीजच्या सुट्या भागांतून जोडायच्या ७५ जीपची पहिली खेप त्यांनी १९४७ साली मुंबईत आणली होती. म्हणजे जंजिऱ्याचा नवाब अजून गादीवर होता तेव्हाच, आमच्यापासून एका गलबताच्या अंतरावर, हे काम सुरू झालं होतं.

नकटीचा आराखडा अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या आरेखनकाराचा. १९५६ च्या शेवटाला ती तिकडे बाजारात आली. युक्ती साधी आणि हुशार होती: चाकांमधलं अंतर ८१ इंच, जवळजवळ साध्या जीपइतकंच, पण ड्रायव्हरला इंजिनाशेजारी चढवून बसवल्यामुळे मागे सहा फुटांचा हौदा निघाला. वळायला छोटी, वाहायला मोठी. अमेरिकनांना ती भावली नाही, आठेक वर्षांत या घराण्याच्या जेमतेम तीसेक हजार गाड्या तिकडे निघाल्या. तिकडचं काम १९६५ च्या सुमारास थांबलं, आणि त्याच साली महिंद्रने एफसी-१५० इथे बनवायला घेतली. तिकडे टाकलेली मुलगी इकडे कामाला लागली, असं बाबा म्हणायचे.

इंजिन म्हणजे विलीजचं हरिकेन, चार सिलिंडर, २,१९९ सीसी, पेट्रोल. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. ते सगळं धूड नकटीत ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मधोमध, केबिनच्या आत, पत्र्याच्या झाकणाखाली बसलेलं. उन्हाळ्यात मांडी भाजायची. पावसाळ्यात त्या झाकणासारखं सुख नव्हतं. माणगावच्या बाजाराहून येताना आई त्याच्यावर ओला पदर पसरायची, घोणसे उतरेपर्यंत तो वाळायचा. वायपर मात्र इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणारे. घाट चढताना पाय ॲक्सिलरेटरवर दाबला की ओढ संपायची आणि ऐन मुसळधार पावसात वायपर अर्ध्यात थांबायचे. बाबा क्षणभर पाय उचलायचे, वायपर एकदा फिरायचा, पुन्हा पाय. मी शेजारी बसून फडक्याने आतली वाफ पुसायचो. गाडीचं पहिलं शिक्षण मला असं मिळालं.

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोल भडकलं. कोकणातल्या पेट्रोल जीपना तिथून उतरती कळा लागली. पण त्याच तेलाच्या पैशाने म्हसळ्याची आणि आसपासच्या गावांची घरंही बांधली. इथले कोकणी मुसलमान तरुण बोटीवर जायचेच, आता ते थेट आखातात जाऊ लागले. आमच्या मागच्या मोहल्ल्यातले चाचा कुवेतच्या एका गॅरेजमध्ये दहा वर्षं होते. १९८५ साली परतले ते एक लाल पत्र्याची पेटी घेऊन. तिच्यात सॉकेटचा पूर्ण संच, सगळा इंचांचा, कारण कुवेतमध्ये त्यांच्या हाताखाली अमेरिकन गाड्या. आमच्याकडे तोवर मिलिमीटरचे पाने बाजारात भरपूर झालेले, आणि नकटीचे बोल्ट अजून सुतांत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागांत. तीन सुती, चार सुती, साडेचार सुती. साडेचार सुतीला मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही आणि एका जोरात बोल्टचं तोंड गोल करून टाकतो. चाचांनी पहिल्याच दिवशी पेटी उघडली, साडेचारचं सॉकेट बोल्टवर टेकवलं, ते ‘टक्’ आवाज करून बसलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही.

१९८६ च्या उन्हाळ्यात चाचांनी नकटीत डिझेल इंजिन बसवलं. त्याचाही वंश बघण्यासारखा आहे. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ साली मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर बनवला. त्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून महिंद्रने २,३५० सीसीचं डिझेल इंजिन जीपसाठी तयार केलं. भंगारात निघालेल्या एका जीपचं ते इंजिन बाबांनी आणि चाचांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून बेल हाउसिंगसकट उचललं, म्हणून गिअरबॉक्स मूळचाच ठेवता आला. हे इंजिन उंच. झाकण बसेना. चाचांनी झाकण कापलं, तीन बोटं रुंदीची पट्टी मध्ये घातली आणि गॅसने जोडलं. ती शिवण आजही हाताला लागते, एकसारखी, एखाद्या शिंप्याच्या टाक्यासारखी. बाबांनी इंजिनाचा बदल आरसी बुकात रीतसर चढवून घेतला. मागच्या ॲक्सलची चाल मात्र ५.३८ चीच राहिली, म्हणजे ताशी पन्नासच्या पुढे इंजिन ओरडायला लागतं. घाटात त्याचं कधी काही वाटलं नाही.

बाबा गेल्यावर ती मांगराच्या छपराखाली उभी राहिली, दहाएक वर्षं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारभर वाऱ्याने आमची वाडी पिळून काढली. नारळ मुळासकट आडवे, पोफळी काडीसारख्या मोडलेल्या. मांगराचं छप्पर आणि त्यावर आंब्याची फांदी, दोन्ही नकटीच्या टपावर. चार दिवसांनी आम्ही फांदी कापून बाजूला केली. टप वीतभर चेपलेला, काच फुटलेली. पण खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरने चॅसी ठोकून पाहिली तर ठणठण वाजली. दर मे महिन्यात बाबा सगळ्या चॅसीला जळकं ऑइल चोपडायचे. खाऱ्या वाऱ्याने केबिनचा पत्रा चाळणीसारखा केला होता, चॅसीला मात्र त्याचा दात लागला नव्हता. त्याच संध्याकाळी मी ठरवलं.

चाचा नाहीत आता. त्यांच्या मुलाने ती लाल पेटी स्वतः आणून अंगणात ठेवली आणि म्हणाला, “काका, हिच्याशिवाय ती खुलायची नाही.” खरंच होतं. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, ही विलीजची जुनी रीत. मदतीला आलेल्या पोरांना ते ठाऊक नव्हतं, त्यांनी नट सोडवायच्या नादात आवळून एक बोल्ट तोडलाच.

सामानाचं म्हणाल तर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, क्रॉस, ब्रेकची सिलिंडरं या सगळ्याचं नातं साध्या जीपशी, त्यामुळे मुंबईत ऑपेरा हाऊसला, पुण्यात नाना पेठेत अजून बरंच मिळतं. केबिनचा पत्रा मात्र कुठेही नाही. दाराचे खालचे कोपरे आम्ही पुठ्ठ्यावर कापून, साच्यावर ठोकून घरीच केले. एकेका कोपऱ्याला आठवडा गेला.

सुधारणा केल्या त्यात ब्रेकचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. मूळची व्यवस्था एकाच नळीची: एका चाकाचं वॉशर गळलं की चारही ब्रेक गेले. पुढे-मागे वेगळं तेल खेळवणारं दुहेरी मास्टर सिलिंडर घातलं. बूस्टर लावायचा तर डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी व्हॅक्यूमची ओढ नसते, म्हणून मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर आणून डायनॅमोच्या जागी बसवला. वायपरला बाबांनीच १९८६ साली विजेची मोटर लावली होती.

आणि मग वाद. माझा मुलगा पुण्यात असतो, गाड्यांचं त्याला प्रेम आहे, माझ्याइतकंच. त्याचं म्हणणं, नकटी मूळ रूपात न्यावी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. त्याने हरिकेन इंजिन शोधूनही ठेवलं होतं. “बाबा, डिझेल काढू, नवं झाकण करू, कंपनीतून निघाली तशी दिसेल.”

मी आठ दिवस विचार केला. कंपनीतून निघाली तशी नकटी म्हसळ्यात कोणी पाहिलेलीच नाही. आली तेव्हाच तिचा हौदा मुंबईच्या कुठल्याशा सुताराने बदललेला होता. फाळक्याची कडी श्रीवर्धनच्या लोहाराची, इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, झाकणावर कुवेतहून आलेल्या माणसाची शिवण. पेट्रोलची नकटी फार तर पंधरा वर्षं घाटात चालली, डिझेलची त्याहून जास्त. नियमाने आपल्या परीने ‘मूळ’चा अर्थ लावला आहे, आणि संग्रहातल्या गाड्यांना तो योग्यच आहे. पण चाचांची ती पट्टी कापून फेकायला माझा हात उठला नसता. मुलाला मी झाकणावरून हात फिरवायला लावला. तो काही बोलला नाही. हरिकेन इंजिन त्याने दुसऱ्या एका जीपवाल्याला देऊन टाकलं. व्हीए नंबर नको, जुनाच नंबर ठेवू आणि पेणच्या आरटीओत रीतसर तपासणीला नेऊ असं ठरलं. ते काम अजून व्हायचंय, त्यामुळे सध्या ती वाडीच्या बाहेर गेलेली नाही.

रंगही मी टपाचा तेवढा नवा दिला. दारावर शेठजींच्या पेढीचं नाव पुसटसं दिसतं, ते तसंच ठेवलंय.

गेल्या आषाढात पहिल्यांदा तिला कामाला जुंपलं. वादळात पडलेल्या नारळाचा एक बुंधा ओहोळाच्या कडेला चिखलात रुतून राहिला होता. पुढच्या ॲक्सलचा दांडा टाकला, दुसरा लोमध्ये ओढला, दोर ताणला. मागची चाकं जरा घसरली, मग पुढच्यांनी जमीन पकडली आणि बुंधा हलला. आई चौऱ्याऐंशीची आहे. पाऊस लागला म्हणून तिला केबिनमध्ये माझ्या शेजारी बसवलं होतं. मी दोर सोडून परत आलो तेव्हा झाकण चांगलं तापलं होतं, आणि तिने पदर पसरून त्याच्यावर घातला होता.