चांदीची चहादाणी आणि साखरेचे भांडे

हळदीकुंकवाच्या दिवशी आपण ठेवणीतली अत्तरदाणी आणि गुलाबदाणी बाहेर काढतो. आदल्या दिवशी रांगोळीने घासून ती लख्ख करतो आणि "ही आमच्या आजेसासूबाईंची बरे का!" असे कौतुकाने सांगतो. इंग्लंडमधील जुन्या घरांत हाच मान चांदीच्या चहासंचाला असतो. चहादाणी, दुधाचे भांडे, साखरेचे भांडे आणि ती मांडायचे तबक असा हा संच पिढ्यान् पिढ्या जपला जातो आणि खास पाहुण्यांच्या चहाला बाहेर निघतो. ह्या संचाची हकीकत म्हणजे नुसती श्रीमंतांच्या मिरवण्याची कथा असेल, असे मला आधी वाटले होते. पण तीत दोन गोष्टी अशा आहेत, की त्या आपल्या मंडळात सांगितल्याच पाहिजेत.

चहा इंग्लंडात प्रथम आला तो फार महागडी चीज म्हणून. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याच्याशी झाला. आपली मुंबई आंदण म्हणून इंग्रजांना मिळाली ती ह्याच लग्नात. ह्या राणीला चहाची आवड होती आणि तिच्यामुळे दरबारच्या स्त्रियांत चहा पिण्याची रीत रुजली. १६७० सालची एक चांदीची चहादाणी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लॉर्ड बर्कले ह्यांनी ती ईस्ट इंडिया कंपनीला भेट दिली होती. ती इतकी उंच आणि सरळसोट आहे, की कोणीही तिला कॉफीचे भांडे समजेल. ती चहाची आहे हे तिच्यावर कोरलेल्या मजकुरावरून कळते.

त्या काळी कॉफीगृहांत पुरुषांचा राबता असे. घरचा चहा मात्र गृहिणीच्या हातचा. चहाची पेटी कुलपात आणि किल्ली तिच्यापाशी! १७८४ साली चहावरील कर शेकडा ११९ वरून साडेबारावर आला, तेव्हा चहा साध्या माणसांच्या आवाक्यात आला. पुढे १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना ह्यांनी दुपारच्या चहाला मैत्रिणींना बोलावण्याची चाल पाडली असे सांगतात. रात्रीचे जेवण फार उशिरा होऊ लागल्याने मधल्या वेळी त्यांना भूक लागे. त्याच सुमारास विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याची युक्ती निघाली आणि मध्यम स्थितीतल्या घरांतही चांदीसारखा संच दिसू लागला.

आता पहिली गोष्ट. इंग्लंडातील अस्सल चांदीच्या भांड्यावर बारीक छाप असतात. चालत्या सिंहाचा छाप म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी. शेजारी वर्षाचे अक्षर आणि घडविणाऱ्याची आद्याक्षरे. अठराव्या शतकातल्या काही सुंदर चहादाण्यांवर जी आद्याक्षरे आहेत, ती एका स्त्रीची आहेत. तिचे नाव हेस्टर बेटमन. लंडनमधील ह्या बाईचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. १७६० साली पती वारले. पदरी मुले होती. १७६१ साली तिने स्वतःच्या नावाचा छाप नोंदविला आणि पतीचा धंदा पुढे चालविला. चांदीचे पातळ पत्रे वापरून तिच्या कारखान्यात हलकी, सुबक भांडी होत. कडेला बारीक मण्यांची ओळ आणि हात भाजू नये म्हणून मूठ लाकडाची. मुलगे हाताशी आले तरी १७९० पर्यंत कारभार तिच्याकडे होता. पुढल्याच वर्षी तिची सून ॲन हिनेही आपला छाप नोंदविला. सासू-सुनेच्या भांडणाच्या कथा आपण खूप ऐकतो. ही एका धंद्याची कथाही ऐकण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट साखरेच्या भांड्याची. चहात पडणारी साखर वेस्ट इंडीज बेटांवरून येई आणि तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटात १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला गेला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स ह्यांनी एक लहानसे पत्रक काढले. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने ती एकवीस महिने सोडली, तर एक माणूस गुलामीतून अगर मरणातून वाचेल, असा हिशेब त्यांनी मांडला. हा हिशेब गृहिणींना पटला. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता, पण घरात काय आणायचे हे त्यांच्या हाती होते. घरोघरी साखर वर्ज्य झाली. सुमारे तीन लाख लोकांनी ती सोडली असा त्या वेळचा अंदाज आहे. चांदीच्या चहादाणीशेजारचे साखरेचे भांडे रिकामे राहू लागले आणि ते रिकामे का, हाच चहाच्या वेळचा विषय झाला.

पुढे १८२४ साली एलिझाबेथ हेरिक ह्या बाईंनी, गुलामगिरी हळूहळू नव्हे तर ताबडतोब बंद करा, असे पुस्तिका लिहून बजावले. दुसऱ्याच वर्षी बर्मिंगहॅमला ह्या कामासाठी स्त्रियांचे मंडळ निघाले. व्यापार १८०७ साली बंद झाला होता. गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला. तो एकट्या साखरेने झाला नाही हे खरे. गुलामांनी स्वतः उठाव केले, पुष्कळांनी प्राण दिले. पण स्त्रियांचा वाटाही लहान नव्हता. आपल्याकडे १९०५ च्या बंगभंगानंतर परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरही सोडली गेली, ती आठवण येथे सहजच होते.

आपल्या मंडळाचा चहा काचेच्या पेल्यांतून येतो. चांदीचा संच आपल्यापाशी नाही, आणि त्यावाचून आपले काही अडलेलेही नाही. चार बायका चहाला जमल्या की गप्पाच मारणार, असे घरची मंडळी म्हणतात. गप्पा तर हव्यातच. पण त्यांत एखादे वेळी, आपल्या पेल्यातला पदार्थ कोणाच्या कष्टातून आला, ह्याचीही विचारपूस होऊ द्या. आणि ज्यांच्या घरी वडिलार्जित चांदी असेल त्यांनी ती घासताना उलटी करून पाहावी. खाली कोणाचा छाप आहे, तो वाचून मुलींना सांगावा.