पेव, कणगी आणि वेफरचं पाकीट

‘पेव फुटणे’ आपण सगळेच म्हणतो, पण पेव पाहिलेली माणसं आता किती उरली असतील? मराठवाड्यात ज्वारी साठवायला गावठाणात जमिनीखाली खणलेलं, वरून दगडमातीनं बंद केलेलं कोठार म्हणजे पेव. आतले दाणे नि किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवायचे, मग किडे मरायचे आणि ज्वारी टिकायची. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, जीव गुदमरायचा! घरातली कणगीही शेणामातीनं लिंपलेली असायची. हवा अडवायचं काम माती करायची.

खरी गंमत पुढे आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली खनिजं भरपूर. त्यांचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आटते आणि शेताला भेगा पडतात. १९८०च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या प्रयोगशाळेनं ह्याच खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये नायलॉन घुसवलं. चिमूटभर मातीनं नायलॉन कणखर झालं. शिवाय प्राणवायूला आरपार जायचं तर प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालणं आलं. पुढे बिअरच्या प्लॅस्टिक बाटल्यांत ही युक्ती वापरली गेली.

आता म्हणाल, औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) ह्याचं काय? फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरभर ढीग साचले, मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक-लाठीमार झाला. त्याच महिन्यात राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पिशव्या गेल्या (निदान कागदावर!), वेफरची पाकिटं राहिली. त्यांत प्लॅस्टिकच्या थरांमध्ये नॅनोमीटरनं मोजावा इतका पातळ अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. हे थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवालाही ती उचलत नाही.

मला ह्या मातीबद्दल आशा वाटते ती इथे. हवा अडवणारे पापुद्रे एकाच जातीच्या प्लॅस्टिकमध्ये बसले, तर पाकीट वितळवून पुन्हा वापरता येईल. ज्या कंदापासून साबुदाणा होतो, त्याच्या स्टार्चमध्ये ही माती मिसळून कुजणारी फिल्म करायचे प्रयोगही झालेत. अडचण एक आहे. माती प्लॅस्टिकशी जुळावी म्हणून तिला जी रसायनं लावतात, ती अन्नात उतरतात का, हे प्रत्येक पदार्थासाठी वेगळं तपासावं लागतं. लोणच्याला एक उत्तर, बिस्किटाला दुसरं.