विवाह लावण्याचा अधिकार कोणाला? गुरुदीक्षा, ख्रिस्तसभेचा कायदा आणि देशाचा कायदा

परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींच्या लग्नपत्रिका धर्मग्रामात येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर हल्ली एक नवा प्रश्नही येतो. पत्रिकेवर चर्चचे नाव नसते. विवाह एखाद्या बागेत किंवा हॉटेलच्या हिरवळीवर असतो आणि तो लावणार असतो वराचा कॉलेजमधील मित्र. हा मित्र धर्मगुरू नाही, पास्टरही नाही. त्याने संगणकावर एक अर्ज भरून 'ऑर्डिनेशन' म्हणजे दीक्षा मिळवलेली असते. आईवडील विचारतात, "फादर, हे लग्न खरे का?" आणि कोणी तरी पुढचा प्रश्न करतो, "तोच मित्र डिसेंबरात इकडे येणार आहे. तर मग लग्न इथेच, समुद्रकिनाऱ्यावर त्याच्याच हातून का लावू नये?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत राज्यागणिक बदलते आणि कॅथलिक व्यक्तीच्या बाबतीत आणखी वेगळे असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे: वर किंवा वधू ख्रिस्ती असेल, तर महाराष्ट्रात असा विवाह लागत नाही, आणि जाणूनबुजून तो लावणारा शिक्षेस पात्र ठरतो.

अमेरिकेतील घरपोच दीक्षा

अमेरिकेत विवाहाचा कायदा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र आहे. बहुतेक राज्यांत वधूवर स्थानिक सरकारी कचेरीतून विवाहाचा परवाना घेतात. विधी पार पडल्यावर तो लावणारी व्यक्ती त्या परवान्यावर सही करून तो कचेरीत परत पाठवते. न्यायाधीशांबरोबरच कोणत्याही धर्माच्या 'दीक्षित' सेवकाला ही सही करता येते. मात्र खरा दीक्षित कोण, हे ठरवण्याच्या भानगडीत अमेरिकन शासन सहसा पडत नाही, कारण धर्माच्या अंतर्गत बाबींत ढवळाढवळ करण्यास तेथील राज्यघटना मज्जाव करते.

या मोकळ्या जागेत कॅलिफोर्नियातील मोडेस्टो शहरी कर्बी हेन्स्ली यांनी १९६२ साली 'युनिव्हर्सल लाइफ चर्च' ही संस्था नोंदवली. मागेल त्याला दीक्षा, हे तिचे धोरण. शिक्षण नको, श्रद्धेची कबुली नको. प्रारंभी ही दीक्षा टपालाने मिळे, पुढे इंटरनेटवर काही मिनिटांत मिळू लागली. 'फ्रेंड्स' या गाजलेल्या मालिकेत २००१ साली एक पात्र अशीच दीक्षा घेऊन मित्रांचे लग्न लावते. तोपर्यंत ही गोष्ट किती सर्वसामान्य झाली होती, हे त्यावरून दिसते.

न्यायालयांचे मात्र यावर कधीच एकमत झाले नाही. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली अशा सेवकांना विवाह लावण्याचा अधिकार नाही, असे ठरवले. नॉर्थ कॅरोलायनात १९८० साली एक विचित्र खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका माणसाला द्विभार्येच्या आरोपावरून शिक्षा झाली होती. त्याचा पहिला विवाह टपालाने दीक्षा मिळवलेल्या व्यक्तीने लावला होता. न्यायालय म्हणाले, तो विवाह कायदेशीर असल्याचे सिद्धच होत नाही, मग द्विभार्या कुठली? आरोपी सुटला. परंतु त्याच पद्धतीने लग्न झालेल्या राज्यातील इतर जोडप्यांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाला कायदा करून जुने विवाह सावरून घ्यावे लागले. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली नेमका उलट निर्णय देऊन असा विवाह ग्राह्य मानला. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क परगण्याच्या न्यायालयाने २००७ साली, ज्याच्यामागे उपासनेला जमणारा समाजच नाही अशा सेवकाने लावलेला विवाह रद्दबातल ठरवला. टेनेसी राज्याने २०१९ साली ऑनलाइन दीक्षितांना मनाई करणारा कायदा केला. त्याला लगेच न्यायालयात आव्हान देण्यात आले.

काही राज्यांनी यावर सरळ मार्ग काढला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये एखाद्या मित्राला किंवा नातलगाला ठरावीक विवाहासाठी एका दिवसाची शासकीय परवानगी मिळते. न्यूयॉर्कने २०२३ पासून तशी सोय केली. कोलोराडोत तर वधूवर स्वतःच परवान्यावर सही करू शकतात. या लेखकाच्या मते हे अधिक प्रामाणिक आहे. मित्राला विवाह नोंदवण्याचे काम द्यायचे असेल तर शासनाने ते द्यावे. त्यासाठी दीक्षेचे सोंग घेण्याची गरज नाही.

आपल्याकडील १८७२ चा कायदा

भारतात ख्रिस्ती विवाहांना 'भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२' लागू आहे. कलम ४ सांगते की, वर किंवा वधू यांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल, तरी या कायद्याखाली होणारा विवाह कलम ५ मध्ये सांगितलेल्या व्यक्तीनेच लावला पाहिजे. अन्यथा तो रद्दबातल असतो.

कलम ५ मधील पहिले नाव आहे ते बिशपांच्या हस्ते दीक्षा मिळालेल्या व्यक्तीचे, आणि तिनेही स्वतःच्या ख्रिस्तसभेच्या नियमांनुसार व विधींनुसारच विवाह लावायचा आहे. आपले सर्व धर्मगुरू या वर्गात येतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या, बिशप असलेल्या प्रोटेस्टंट ख्रिस्तसभांचे पाळकही येतात. त्यानंतर चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक, शासनाकडून विवाहाचा परवाना मिळालेले धर्मसेवक, कायद्याखाली नेमलेले विवाह निबंधक आणि भारतीय ख्रिस्ती लोकांना विवाहाचे दाखले देण्याचा परवाना असलेल्या व्यक्ती यांचा क्रम लागतो. यादी एवढीच. स्वतंत्र प्रार्थनामंडळाच्या पास्टरांना बिशपांकडून दीक्षा नसेल, तर त्यांच्याजवळ शासनाचा परवाना असणे अत्यावश्यक आहे, आणि तो पाहायला मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. इंटरनेटवरचे प्रमाणपत्र यांपैकी कशातच बसत नाही. कलम ६८ नुसार अधिकार नसताना जाणूनबुजून असा विवाह लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. हौसेने उभा राहिलेल्या मित्राला हे कोणी सांगितलेले नसते.

याच कायद्याच्या कलम १० मध्ये विवाहाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी आहे. मात्र कॅथलिक बिशप आपल्या धर्मगुरूंना त्याबाहेर विवाह लावण्याचा परवाना देऊ शकतात. कलम ३० प्रमाणे कॅथलिक विवाहांची नोंद बिशप ठरवतील त्या नमुन्यात होते आणि तिचे तपशील दर तीन महिन्यांनी शासनाच्या महानिबंधकांकडे जातात. म्हणजे विवाहाच्या दप्तरावर सही करून घेणारे धर्मगुरू त्या क्षणी देशाच्या कायद्याचेही काम करीत असतात.

गोव्यात हा कायदा नाही. तेथे पोर्तुगीज काळापासूनची पद्धत आहे: वधूवर आधी नागरी नोंदणी कचेरीत जाऊन घोषणा करतात आणि तेथील कागद घेऊन चर्चमध्ये येतात. गोव्यात सोयरीक जुळवणाऱ्यांनी तारीख ठरवण्यापूर्वी याची चौकशी करावी.

आणखी एक इशारा येथेच दिलेला बरा. ख्रिस्ती व हिंदू व्यक्तींनी हिंदू पद्धतीने लग्न करून ते हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवले तरी ते टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका कॅथलिक वराच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. त्या कायद्याला दोन्ही पक्ष हिंदू असणे आवश्यक वाटते. आंतरधर्मीय जोडप्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा उपलब्ध आहे.

दीक्षा असूनही अधिकार नसतो, तो कसा?

येथवर वाचून कोणास वाटेल, 'आमचा पुतण्या रीतसर धर्मगुरू आहे, मग प्रश्न मिटला.' तसे नाही.

कॅथलिक गुरुदीक्षा मिळण्यास किती वर्षे लागतात, हे बहुतेक भाविक जाणून आहेत. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यासच किमान सहा वर्षांचा आहे. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत किंवा पुण्याच्या पेपल सेमिनरीत घडलेल्या धर्मगुरूंना विचारा. वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा नाही आणि डीकनपद व गुरुदीक्षा यांत किमान सहा महिन्यांचे अंतर हवे. एवढे सारे होऊनही त्या दीक्षेने कोणाचाही विवाह कुठेही लावण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

कॅनन ११०८ म्हणतो की, विवाह ग्राह्य होण्यासाठी तो स्थानिक बिशप किंवा प्रमुख धर्मगुरू, अथवा त्यांपैकी एकाने अधिकार सोपवलेला धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासमोर आणि दोन साक्षीदारांसमोर झाला पाहिजे. हा अधिकार प्रदेशाशी बांधलेला असतो. निर्मळचे प्रमुख धर्मगुरू आपल्या धर्मग्रामात अधिकाराने विवाह लावतात. शेजारच्या गास येथे त्यांना तेथील प्रमुख धर्मगुरूंकडून अधिकार घ्यावा लागतो. अमेरिकेहून आलेल्या फादर मामांनाही हाच नियम. हे अधिकारदान नाव घेऊन, ठरावीक विवाहासाठी, स्पष्टपणे करावे लागते. 'फादर मामा येणार आहेत' एवढे ऑफिसात कळवणे म्हणजे अधिकारदान नव्हे. दप्तरात त्याची नोंद झाली की नाही, हे घरच्यांनीही आठवणीने विचारावे.

इतकी काटेकोर व्यवस्था का, याचे उत्तर इतिहासात आहे. लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार धर्मगुरू देत नाहीत, वधूवर तो एकमेकांना देतात. विवाह घडतो तो त्यांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरे कोणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. म्हणून मध्ययुगात दोघांनी एकांतात शब्द दिला तरी विवाह होत असे. मग एखादा पुरुष तो शब्द नाकारी, दुसरीशी थाटात लग्न करी, आणि पहिलीजवळ पुरावा काहीच उरत नसे. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी 'तामेत्सी' हा आदेश काढून प्रमुख धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. 'ने तेमेरे' या आदेशाने १९०८ पासून ती जवळजवळ सर्वत्र लागू झाली. समोर उभे असलेले धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या नावाने संमती विचारतात व स्वीकारतात. त्यांच्यामागे दप्तर असते, स्नानसंस्काराच्या नोंदीवर विवाहाचा शेरा मारला जातो आणि उद्या कोणी नाकारले तर ते शोधता येते. एकट्या पडलेल्या स्त्रीच्या बाजूने उभा राहणारा हा कागद आहे. मित्राच्या संगणकीय दीक्षेमागे असे काहीच नसते.

पौर्वात्य परंपरेत धर्मगुरूंचा आशीर्वाद विवाहाचा आवश्यक भाग मानला जातो. म्हणून पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या आदेशानुसार वर किंवा वधू सिरो-मलबारसारख्या पौर्वात्य ख्रिस्तसभेतील असेल, तर डीकन विवाह लावू शकत नाहीत, धर्मगुरूच हवेत. मुंबई परिसरात अशा सोयरिकी नित्याच्या आहेत, तेव्हा हे ध्यानात असू द्यावे. एरवी डीकन, विवाहित स्थायी डीकनसुद्धा, अधिकार मिळाल्यावर विवाह लावू शकतात. जेथे धर्मगुरू व डीकन दोन्ही नाहीत, तेथे धर्माध्यक्ष मंडळाची अनुकूलता आणि रोमची परवानगी घेऊन बिशप प्रापंचिक व्यक्तीलाही हे काम सोपवू शकतात (कॅनन १११२). कॅनडात क्यूबेक प्रांतात एका धर्मभगिनीने अशा परवानगीने विवाह लावल्याचे उदाहरण आहे.

ज्यांचे लग्न आधीच असे झाले आहे

परदेशात मित्रासमोर लग्न केलेल्या कॅथलिक मुलामुलींचा विवाह त्या राज्याच्या कायद्यात ग्राह्य असू शकेल. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने मात्र, बिशपांकडून आधी सूट घेतलेली नसल्यास, तो ग्राह्य नाही. जोडीदार कॅथलिक नसेल आणि गंभीर कारण असेल, तर विधीच्या स्वरूपातून अशी सूट मिळू शकते. तीही लग्नाआधी मागायची असते, आणि तेव्हाही विवाह सार्वजनिक स्वरूपात व्हावा लागतो.

घरी आल्यावर 'फादर, फक्त आशीर्वाद द्या' असे म्हणून हे निस्तरत नाही. दोघांनी ख्रिस्तसभेच्या रीतीने नव्याने संमती द्यावी लागते. हा विधी दोन साक्षीदारांसमोर अगदी साधेपणाने होऊ शकतो. जोडीदार पुन्हा विधी करण्यास राजी नसेल, पण दोघांची मूळ संमती टिकून असेल, तर बिशप कॅनन ११६१ प्रमाणे तो विवाह मुळापासून ग्राह्य करू शकतात. अशा मुलांना घरच्यांनी दटावून दूर लोटू नये. त्यांनी आपल्या सध्याच्या वास्तव्याच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना भेटावे. सोबत नव्याने काढलेला स्नानसंस्काराचा दाखला आणि त्या देशातील विवाहाचा दाखला न्यावा. स्नानसंस्काराचा दाखला येथील धर्मग्राम कार्यालयातून आईवडील मागवून देऊ शकतात. त्यावर विवाहासंबंधीचा शेरा आहे किंवा नाही हेही लिहून घ्यावे, कारण तिकडचे धर्मगुरू प्रथम तेच पाहतात.