आधी मला उठवा, मग ठरवू

आजच्या भागाची सुरुवात घरापासूनच करते. माझ्या मावशीच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा तिनं ऑपरेशनच्या कागदावर मुकाट्यानं सही केली. काय काढणार, किती काढणार, हे कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. "डॉक्टरांना कळतंच की," एवढंच म्हणाली. अमेरिकेतल्या बायकांना याच समजुतीशी वीस वर्षं झगडावं लागलं.

साल १९७४. तिकडे तेव्हा रीत अशी, की भूल द्यायची, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे तपासायचा आणि कर्करोग निघाला तर बाईला जागं न करताच स्तन काढून टाकायचा. रोझ कुश्नर या पत्रकार बाईंना गाठ लागली आणि त्या अडून बसल्या: आधी तपासा, मला उठवा, मग ठरवू. कित्येक सर्जननी नकार दिला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं ऑपरेशन ठरलं. कुश्नरबाईंनी थेट व्हाइट हाउसला फोन लावला, की त्यांच्या बाबतीत तरी असं करू नका. उत्तर काय मिळालं? राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झालाय! बघा, शरीर कुणाचं आणि निर्णय कुणाचा.

पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं तज्ज्ञांची समिती बसवली. तीत रुग्णांच्या बाजूनं बोलणाऱ्या कुश्नरबाई होत्या. समितीनं सांगितलं की तपासणी वेगळी आणि ऑपरेशन वेगळं असावं.

कुश्नरबाई १९९० मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी ठिकठिकाणच्या संस्था एकत्र येऊन 'नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोएलिशन' उभी राहिली. त्यांनी ठरवलं, सरकारला १,७५,००० पत्रं पाठवायची, म्हणजे त्या वर्षी जितक्या बायकांना हा आजार होणार असा अंदाज होता, तितकी. पोचली सुमारे सहा लाख!

आता पैसा हवा होता. शीतयुद्ध संपलं होतं, पण संरक्षणाचा निधी दुसऱ्या खात्याकडे वळवायला कायद्याची आडकाठी होती. सिनेटर टॉम हार्किन यांच्या दोन्ही बहिणी याच आजारानं गेलेल्या. त्यांनी शक्कल लढवली: पैसा संरक्षण खात्यातच राहू दे, संशोधन सैन्यानं करवून घ्यावं. १९९२ मध्ये २१ कोटी डॉलर मंजूर झाले.

पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे, हे ठरवणाऱ्या बैठकांत १९९५ पासून शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं आजार भोगलेल्या बायका बसू लागल्या, आणि त्यांना मतही होतं. निधी एखाद्या वर्षी कमी होतो, एखाद्या वर्षी वाढतो. बैठकीतली जागा मात्र टिकली.

यात एक खोच आहेच. ज्या आजाराच्या रुग्णांना मोर्चा काढता येतो, पत्रं लिहिता येतात, त्यालाच पैसा मिळाला तर मुक्या रुग्णांचं काय? शिवाय संस्था औषध कंपन्यांच्या देणगीवर चालत असेल, तर ती नेमकी कुणाच्या वतीनं बोलते? हे प्रश्न तिथेही विचारले गेले आणि आपणही विचारले पाहिजेत.

मावशी आज असती तर तिला कुश्नरबाईंची गोष्ट सांगितली असती. ती आता नाही, म्हणून तुम्हाला सांगितली. तुमच्या घरात कुणापुढे असा कागद आला, तर सहीआधी एक प्रश्न नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात.