उजवा हात गेल्यावर

पुण्याच्या गंज पेठेतला फुले वाडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मी पाहिला तो चौथीच्या सहलीत. बाईंनी सांगितलं, पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर जोतिरावांनी डाव्या हाताने अख्खं पुस्तक लिहिलं. परत आल्यावर आम्ही पोरं आठवडाभर डाव्या हाताने शुद्धलेखन काढत होतो. त्या दिवसांत त्यांना अंघोळ कोण घालत होतं, घास कोण भरवत होतं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

मला तो प्रश्न पडला पंचवीस वर्षांनी, जर्सी सिटीत, पहाटे पावणेतीन वाजता.

आमच्या घरी रोज रात्री एक यंत्र चालतं. माझ्या बायकोच्या किडन्या काम करत नाहीत, म्हणून ती घरीच पेरिटोनियल डायलिसिस घेते. पोटात बसवलेल्या नळीतून द्रावण आत जातं, काही वेळ थांबतं, रक्तातली घाण ओढून घेतं आणि बाहेर येतं. रात्रभरात असे चार-पाच फेरे होतात. नळी जोडताना खिडक्या बंद, पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क, हात घासून धुतलेले. तिथे हयगय झाली तर पोटात जंतुसंसर्ग. महिन्याला द्रावणाची खोकी येतात, त्यांनी बेडरूमची एक भिंत भरून जाते. झोपेत कूस बदलताना नळी दुमडली की यंत्र ओरडतं. मग शेजारच्या खोलीतला सात वर्षांचा मुलगाही जागा होतो.

तो मुलगा आमचा नाही. त्याच्या घरची घडी बसेपर्यंत राज्याने त्याला आमच्याकडे सांभाळायला दिलंय. त्याचं नाव-गाव इथे सांगता येणार नाही. तसा नियम आहे, आणि नियम नसता तरी मी सांगितलं नसतं. तिसरी गोष्ट माझी नोकरी. इतिहासातला पोस्टडॉक, करार येत्या जूनपर्यंतचा, आणि संपादकाकडून दुरुस्तीसाठी परत आलेला एक निबंध दोन महिने टेबलावर पडलेला.

फेब्रुवारीत समाजसेविका आली. आमच्या परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं होतं. घरातली परिस्थिती पाहून तिने सरळ विचारलं, "पुढे चालू ठेवणार आहात का? विचार करून सांगा." त्या आठवड्यात मी उत्तर देण्याऐवजी वाचत बसलो. इतिहासाच्या माणसाची ही जुनी पळवाट आहे. पण वाचलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं आणि मूल न्यायचं की ठेवून जायचं ते स्वतः ठरवावं, अशा जाहिराती पुण्यात लावल्या. शाळेत आपण इथवर शिकतो. पुढचा आकडा मात्र शिकत नाही. बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरच्या टिपणांवर जोतिरावांनी डिसेंबर १८८४ मध्ये आपलं मत लिहून दिलं. त्यात ते सांगतात की तोवर ३५ विधवा या घरी बाळंत झाल्या, आणि त्या ३५ मुलांपैकी ५ हयात आहेत. दिवस लपवण्यासाठी आयांना घ्यावी लागलेली विषारी औषधं मुलांना पोटातच बाधली होती.

हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो. एका घरात वीस-एकवीस वर्षांत तीस मुलं गेली. आणि दार उघडंच राहिलं.

जगलेल्यांपैकी एक यशवंत. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. फुले दांपत्याने १८७४ मध्ये त्याला दत्तक घेतलं. तीन वर्षांनी दुष्काळ पडला. एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाईंनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतिरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्या दुष्काळाच्या कामासाठी बाहेरगावी होत्या आणि त्या वेळी यशवंत जेमतेम तीन वर्षांचा होता. काम आणि लेकरू यांची ओढाताण आपल्याच पिढीला आली असं तुम्हाला वाटत असेल, तर हे पत्र एकदा जरूर वाचा.

आता १८८७ च्या जुलैकडे येऊ. १० तारखेला जोतिरावांनी मृत्युपत्र करून यशवंतला वारस ठरवलं. पुढच्या वर्षी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात झालेल्या सभेत त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली. आणि दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

जुलै १८८८ ते नोव्हेंबर १८९०, म्हणजे साधारण अठ्ठावीस महिने. या काळाबद्दल चरित्रं प्रामुख्याने एकच गोष्ट सांगतात: 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक डाव्या हाताने लिहून झालं. पण त्याच अठ्ठावीस महिन्यांत त्या घरात आणखी काय काय होतं पाहा. अर्धांग लुळं पडलेला, साठी ओलांडलेला माणूस. चौदा वर्षांचा, शिकणारा मुलगा. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्या मुलाचं ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधेशी, सत्यशोधक पद्धतीने लग्न. एकमेकांची ओळख व्हावी म्हणून ती लग्नाआधीच घरी राहायला आली होती, म्हणजे पानावर आणखी एक लेकरू. आणि पैशाची चणचण. ठेकेदारीत मिळवलेलं शाळांत, दुष्काळात आणि चळवळीत गेलेलं. हे सगळं ज्यांच्या हातात होतं त्या सावित्रीबाई तेव्हा सत्तावन्न ते एकोणसाठ वर्षांच्या होत्या. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा कागद कुणाला तरी धरावा लागतो. पुस्तक १८९१ मध्ये, जोतिरावांच्या मागे, यशवंतने छापून आणलं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, धन्य ती माउली. मीही तेच म्हणणार होतो. पण पुन्हा वाचताना दुसरं काही दिसलं. त्या एकट्या नव्हत्या. औषधोपचार डॉ. विश्राम रामजी घोले यांचे, आणि तेही सत्यशोधक चळवळीतलेच. पैशाची वेळ आली तेव्हा प्रार्थना समाजाचे मामा परमानंद यांनी ३१ जुलै १८९० रोजी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदत मागितली. त्या पत्रात त्यांनी जोतिरावांहूनही सावित्रीबाईंचं अधिक कौतुक केलं. मदत पोहोचली ती जोतिराव गेल्यानंतर. कौतुक वेळेवर आणि पैसे उशिरा, हा अनुभव कुठल्याही सांभाळणाऱ्याला नवा नाही.

पण मला महत्त्वाचं वाटलं ते मागणं. मित्राने मित्रासाठी, लाज न बाळगता, हात पसरले. आपल्याकडे सेवा म्हटलं की एकटीची सेवा डोळ्यासमोर येते. फुल्यांच्या घरात मात्र डॉक्टर मित्र होता, पत्र लिहिणारा मित्र होता, सोयरे होते. दहा-वीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या घराला सांभाळणारी माणसंही आपोआप जोडली गेली होती.

आता इकडचं. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने किडनी निकामी झालेल्यांचा खर्च, वय कितीही असो, मेडिकेअरच्या कक्षेत आला. १९९३ च्या कौटुंबिक रजेच्या कायद्यात जोडीदाराचं गंभीर आजारपण आणि सांभाळायला आलेलं मूल ही दोन्ही कारणं एकाच यादीत शेजारीशेजारी आहेत. ते पाहून आधी बरं वाटलं. मग कळलं, दोन कारणं असली तरी वर्षाचे आठवडे बाराच, तेही बिनपगारी. न्यू जर्सीत २००९ पासून अशा रजेत काही भत्ता मिळतो, तो भाग्याचाच. कायद्याने आजारी माणूस पाहिला आणि मूलही पाहिलं. दोन्ही एकाच घरात असतील, हा हिशेब आमच्यासारख्यांनी घरी करायचा.

आणि एक कबुली. मंडळाच्या कार्यक्रमात लोक माझी पाठ थोपटतात. "बायकोचं इतकं करतोस, शिवाय परक्याचं पोर!" हेच माझ्या बायकोने माझ्यासाठी केलं असतं तर तिला कुणी थांबवून काही म्हटलं नसतं. सावित्रीबाईंच्या अठ्ठावीस महिन्यांना चरित्रांत ओळभर जागा मिळते, त्याचं कारण मला या टाळ्यांत सापडलं. जे गृहीत धरलं जातं त्याची नोंद होत नाही. मलाही त्या कौतुकाची चटक लागली होती. कौतुक टिकवायचं तर मदत मागता येत नाही.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. यशवंत त्या घरी कायमचा आला होता. आमच्याकडचा मुलगा परत जाण्यासाठी आलाय; त्याच्या आईची घडी बसली की तो जाईल, आणि आम्हाला त्याचा आनंदच व्हायला हवा. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरला ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना सावित्रीबाईंना लागण झाली, आणि १० मार्चला त्या गेल्या. वाढवलेलं लेकरू अशा रीतीने कामी येणं हे नशीब आमच्या वाट्याला असेलच असं नाही. तशी अट घालून मूल सांभाळताही येत नाही.

मार्चमध्ये समाजसेविका नूतनीकरणाचा अर्ज घेऊन आली. बायको म्हणाली, "मी आजारी आहे म्हणून त्याने दुसऱ्यांदा घर बदलायचं नाही." मी होकार दिला, पण माझीही एक अट होती. या वेळी आधी फोन करायचे, मग सही.

दोन दिवस फोन केले. मंगळवारी मुलाला शाळेतून आणायला वरच्या मजल्यावरच्या आजी तयार झाल्या. खोकी वर चढवायला न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या किराणा दुकानातला एक तरुण. महिन्यातला एक शनिवार आमच्या जुन्या मित्रांकडे. त्यांना त्यासाठी राज्याची तपासणी करून घ्यावी लागणार होती, तेही कबूल झालं. निबंधासाठी मी संपादकांकडे सहा आठवडे मागितले, कारण न लपवता. त्यांनी आठ दिले.

अर्जात एक रकाना आहे: घरात मदत करणाऱ्या इतर व्यक्ती. मागच्या खेपेला मी तिथे मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, "कोणी नाही, आम्ही दोघं समर्थ आहोत." या वेळी पाच नावं लिहिली, आणि शेवटचं नाव समासात घ्यावं लागलं.