तड्याची वाट वळवणारे थर

बांबू उभा चिरला तर सहज दुभंगतो. आडवा तोडायचा तर घाव घालावे लागतात. बस्तरच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या या गुणाची कारणमीमांसा विज्ञानाला विसाव्या शतकात करता आली.

१४ सप्टेंबर १९५६ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी रायपूर येथे खाण व धातुशास्त्र महाविद्यालयाची पायाभरणी केली. रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. विदर्भही त्याच राज्यात होता. शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना आकार घेणार होता. बळकटी म्हणजे धातू, असाच तो काळ होता.

मात्र तड्याचे गणित तोवर बरेच पुढे गेले होते. साठवलेली ऊर्जा मोकळी होऊन नवे पृष्ठभाग निर्माण करण्यास पुरेशी ठरली की तडा वाढतो, हे ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या अभ्यासातून मांडले होते. १९५७ मध्ये अर्विन यांनी तड्याच्या टोकाशी एकवटणारा ताण मोजण्याची रीत दिली. १९६४ मध्ये कुक आणि गॉर्डन यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. तड्याच्या टोकापुढे त्याच्या दिशेला समांतर असाही एक ताण निर्माण होतो. तो मुख्य ताणाच्या सुमारे एक-पंचमांश असतो. वाटेतला जोड पुरेसा कमकुवत असेल, तर तडा पोहोचण्याआधीच तो उघडतो. मग तड्याचे टोक बोथट होते आणि त्याची वाट वळते.

म्हणजे थरांच्या पदार्थाचे बळ त्याच्या नेमक्या जागी असलेल्या दुबळेपणात आहे! शिवाय तुटू पाहणारे तंतू राळेतून ओढले जाताना ऊर्जा शोषतात, फटीवर पुलासारखे ताणले जातात आणि तड्याला पुढे सरकणे अधिकाधिक महाग पडते.

हाच दुबळेपणा उलटूही शकतो. रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनासाठी कार्बन तंतूंची पाती बनवली. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. प्रकल्पाचा एकूण खर्चही हाताबाहेर गेला होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आघाताने वरचा पृष्ठभाग अखंड दिसत असतानाही आतले थर सुटू शकतात. पोलाद बहुधा आधी वाकून इशारा देते. इथे तशी खात्री नसते. म्हणून विमानांच्या अशा भागांची अल्ट्रासॉनिक तपासणी करावी लागते. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम झेपावलेल्या ‘तेजस’च्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन संमिश्र पदार्थांचे आहे, न दिसणारा तडा शोधणे हा तिथे वैमानिकाच्या प्राणाचा प्रश्न आहे.

रायपूरचे ते महाविद्यालय २००५ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. तिथल्या विभागाच्या नावात आज धातूंच्या जोडीला ‘पदार्थ’ हा शब्दही आहे. त्या एका शब्दात अर्धशतकाचा धडा सामावला आहे: तडा जाणारच नाही असा पदार्थ शोधण्यापेक्षा, गेलेला तडा कुठे थांबेल हे आधी ठरवणे अधिक शहाणपणाचे.

#विज्ञानइतिहास #पदार्थविज्ञान #रायपूर